सासू मोरोक्कोत जमा

"म्हणजे तुम्ही चार," मोजणीवाली पोरगी म्हणाली आणि तिने पेन्सिल कानामागे खोचली.

"पाच," मी म्हटलं. "मी, आमचे हे, दोन पोरं आणि माझ्या सासूबाई."

"सासूबाई म्हणजे हिंदुस्थानातली म्हातारी ना? पांढरं लुगडं नेसलेली? ती समोरच्या घरात मोजून झाली. दुपारीच."

"त्या तिथे नुसत्या बसायला जातात. राहतात इथे. हा बघ त्यांचा पलंग, ही त्यांची चप्पल."

"चप्पल मोजायला मला सांगितलेलं नाही, बाई," पोरगी हसून म्हणाली. "मी त्यांना विचारलं, कुठे राहता? त्या म्हणाल्या, इथे. मला खरं वाटेना म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा बोट जमिनीला लावून म्हणाल्या, इथे."

सासूबाईंना हिब्रूचे मोजके शब्द येत. पण 'इथे' आणि 'तिथे' यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. आमच्या घरात त्या दिवसभर तेच बोलत. पातेलं इथे नको, तिथे ठेव. केर इथे राहिलाय, तिथेही राहिलाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ही गोष्ट बाहत्तर सालची, इस्राएलातल्या दिमोनाची. वाळवंटातलं गाव, नव्याने वसवलेलं. देशात तेव्हा माणसांची मोजणी चालली होती. कोण किती, कुठून आले, बाप कुठे जन्मला, सगळं विचारत होते. आमच्या एका जिन्यातच अख्खा देश राहत होता म्हणा ना. तळमजल्यावर रुमानियाचे म्हातारा-म्हातारी, त्यांच्या डोक्यावर ट्युनिसचं खटलं, सगळ्यात वर इराणी शिंपी. मधल्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, झिराडकरांचं. दुसरं अमसालेमांचं, म्हणजे मोरोक्कोवाल्या फ्रेहाचं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू, शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून हे नाव पडलेलं. दिमोनात आम्ही बऱ्यापैकी होतो, पण देशाच्या मानाने चिमूटभर. मोरोक्कोवाले ढीगभर. गल्लीत हाक मारली तर दहातली चार डोकी त्यांचीच वळायची. आणि या ढिगाने आमच्या चिमटीतलं एक माणूस उचलून न्यावं, तेही माझी सासू!

"मी उद्या संध्याकाळी पुन्हा येते," पोरगी म्हणाली. तिचे आईबाप रुमानियाचे, नाकावर तीळच तीळ, आणि दिवसभर जिने चढून बिचारीचा चेहरा लाल झाला होता. "एक माणूस दोनदा लिहिता येत नाही. तुमचं आपसात ठरवून ठेवा. उद्या तुम्ही सांगाल ते शेवटचं."

ती गेली. मी दार इतक्या जोरात लावलं की वरच्या इराण्याने काठी आपटली.

"अगं, राहू दे ना," आमचे हे म्हणाले. यांचं नाव हनोख. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे आणि घरी आल्यावर काही दुरुस्त करायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखे वागायचे. "सरकारला काय फरक पडतो? एक माणूस इकडचं तिकडे."

"तुमची आई आहे ती! उद्या रेडिओवर सांगतील, देशात मोरोक्कोचे इतके, हिंदुस्थानचे इतके. त्यात तुमची आई मोरोक्कोच्या घरात असणार. चालेल?"

"आई आई राहील ना," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

त्यांना काय कळणार होतं! जळत होते ती मी.

खरं सांगायचं तर ही जळजळ त्या दिवसाची नव्हतीच. सासूबाई, शेगुलाबाई त्यांचं नाव, तीन वर्षांपूर्वी झिराडहून आमच्याकडे आल्या. आल्या त्या एक ट्रंक, पोह्यांचा डबा आणि कापडात गुंडाळलेली खवणीची विळी घेऊन. त्या विळीला मी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मी मुंबईत वाढलेली, मलिद्यासाठी खोबरं कसं खवतात हे मला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मलिदा आमच्यात नवसाला करतात. एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, वेलची, फळं असं ताट भरायचं. दर मलिद्याला मी भांडी घासायची आणि त्या खवायच्या.

माझ्याशी त्या गरजेपुरतं बोलत. पहिल्याच शुक्रवारी मी कौतुकाने विचारलं, "आई, पाच ताटं घेऊ ना?" तर त्यांनी पळी भांड्यावर आपटली. "त्वांडाला कुलूप लाव गो! पाच म्हणे!" मी रडकुंडीला आले. तेव्हापासून ताटं त्याच मांडत, आणि मांडताना पुटपुटत, "एक नव्हं, दोन नव्हं, तीन नव्हं..." मला वाटायचं, हे मला टोमणे आहेत. कसले ते कळत नव्हते, पण टोमणे आहेत एवढं नक्की.

आणि तीच बाई समोरच्या घरात खळखळून हसायची. मी गिरणीतून दमून जिना चढत असे आणि फ्रेहाच्या दाराआडून सासूबाईंचं हसू ऐकू यायचं. फ्रेहाला मराठी येत नव्हती, यांना अरबी येत नव्हती, हिब्रू दोघींची मोडकी. मग दोघी बोलत कशात? मला तीन वर्षांत जे साधलं नाही ते हिला भाषेशिवाय साधलं होतं. आपल्याकडे म्हणतात ना, घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा. माझं अगदी तस्सं झालं होतं.

एकच गोष्ट माझ्या बाजूने होती. फ्रेहाचा थोरला मिमून. सैन्यात होता, रणगाड्यावर. रजेवर आला की पिशवी आईच्या दारात टाकायचा आणि आधी आमच्याकडे यायचा. "मिल्का, माशाची आमटी आहे?" नारळाच्या दुधातली आमटी त्याला इतकी आवडे की फ्रेहाचं तोंड उतरायचं. ते उतरलेलं तोंड बघून मी त्याला अजून एक पळी वाढत असे. नारळ दिमोनात सहज मिळत नसे, लांबच्या लोद गावाहून कुणी आणला तर मिळायचा. पण मिमूनसाठी मी राखून ठेवायची. फ्रेहाची जिरवायला, दुसरं काय!

त्या संध्याकाळी सासूबाई जेवायच्या वेळेला समोरून आल्या. मी थांबलेच नाही.

"आई, तुम्ही कुठे राहता?"

"म्हंजी?"

"मोजणीवाल्या पोरीला काय सांगितलंत? फ्रेहाकडे राहते म्हणून?"

त्यांनी हात धुतले, पुसले, ताटावर बसल्या. "सांगितलं."

"का?"

"मना वाटलं ते सांगितलं."

"इथे काय कमी पडतं तुम्हाला? पोटभर जेवायला घालते. गिरणीतून येऊन तुमचे पाय चेपते. ती काय करते तुमचं?"

"मिल्का," हे हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! उद्या ती पोरगी परत येणार आहे. आई, उद्या तिला सांगा, मी माझ्या लेकाकडे राहते. आमच्यात मोज म्हणावं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे घारे होते आणि रागावल्या की अजून घारे व्हायचे. पण त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. तेव्हा ते मला कळलं नाही.

"नाय सांगणार," त्या म्हणाल्या. "आन् तूबी सांगू नको. तुजे पाया पडतंय."

सासू सुनेच्या पाया पडते म्हणते, कशासाठी? तर शेजारणीच्या घरची म्हणवून घेण्यासाठी! मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी गिरणीत मी मैत्रिणीला, रेमाला, सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना. "अगं, सुंठीवाचून खोकला गेला. सासू सरकारदरबारी दुसऱ्याच्या गळ्यात पडली. बायका नवस करतात याच्यासाठी, आणि तू रडतेस?"

"तुझी सासू नाही गेली म्हणून तुला हसू येतंय."

"माझी कुणी नेईल तर मी भांडी पण देईन बरोबर," ती म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. मी डोकं दुखण्याचं निमित्त केलं आणि दुपारीच घरी निघाले.

घराचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, खरर्र, खरर्र. मी आत गेले. जमिनीवर परातीसमोर फ्रेहा बसली होती. झिराडच्या विळीवर. एक पाय दुमडून, अगदी आमच्या बायकांसारखी, हातात नारळाची वाटी. शेजारी सासूबाई. फ्रेहाचा हात धरून त्या दाखवत होत्या, असं फिरव, काळं नको येऊ देऊ. परातीत पांढरंशुभ्र खोबरं पडत होतं.

तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या विळीकडे लांबून बघत होते.

"ऊठ," मी फ्रेहाला म्हटलं. "ऊठ माझ्या घरातून."

"मिल्का!" सासूबाई ओरडल्या.

"का? सासू नेलीस, विळी घेतलीस, अजून काय हवंय? पोरं नेतेस? नवरा देऊ?" हे मी हिब्रूत म्हटलं, म्हणजे तिला नीट कळावं. मग मराठीत सासूबाईंना म्हटलं, "हिच्या हाताला मध आहे आणि माझ्या हाताला काय काटे आहेत?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या, पण एक शब्द बोलायला तयार नव्हत्या. फ्रेहा मात्र उठली. जाडजूड बाई, उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायची. तिने खोबऱ्याने भरलेले हात झटकले, माझा दंड पकडला आणि मला दाराबाहेर जिन्यात ओढत नेलं. दार लावून घेतलं.

"बस," ती म्हणाली.

"मी नाही बसत."

"बस म्हणते ना! तिच्यासमोर बोलता येत नाही. घरात तर नाहीच नाही."

मी पायरीवर बसले. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि सासूबाईंनी खुणांनी, तुकड्यातुकड्याने सांगितलेलं मोडक्या हिब्रूत सांगू लागली.

"तुझ्या नवऱ्याला दोन बहिणी होत्या, माहीत आहे?"

"लहानपणी गेल्या म्हणतात."

"कशा गेल्या?"

मला माहीत नव्हतं. यांनाही माहीत नव्हतं, हे तेव्हा पाळण्यात होते.

"तुमच्या गावात इंग्रजांची माणसं मोजायला आली होती. दारावर लाल मातीने आकडा लिहायची. तुझी सासू तरुण होती, घर भरलेलं. मोजणाऱ्याने विचारलं, किती? हिने पोरींना दारात ओळीने उभं केलं, डोक्यावर हात ठेवत मोजून दाखवलं, आणि वर म्हणाली, बघा, कसं गोकुळ आहे माझं. पाऊस यायच्या आत दोन्ही पोरी देवीने गेल्या. दारावरचा आकडा तसाच होता. तो तिने हाताने पुसला. ती म्हणते, आकडा मी खरा सांगितला म्हणून मरणाला घर सापडलं."

माझ्या कानात सासूबाईंचा आवाज आला. एक नव्हं, दोन नव्हं. पाच म्हणे! त्वांडाला कुलूप लाव गो!

"आमच्याकडेही माणसं मोजत नाहीत," फ्रेहा म्हणाली. "माझी आजी म्हणायची, मोजलेल्याला नजर सापडते. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं. ती माझ्यात मोजली जाईल. आणि मी माझ्या मिमूनचं नाव सांगितलंच नाही, आमच्यात तो नाही असं म्हटलं. तुझ्या घरची यादी खोटी, माझ्या घरचीही खोटी. मरण यादी घेऊन दारात येईल, माणसं ताडून बघेल, जुळणार नाही. चुकीच्या घरी आलो म्हणेल आणि माघारी जाईल."

"वेडेपणा आहे हा," मी म्हटलं.

"असेल. माझा मुलगा रणगाड्यात बसतो. मला वेडं व्हायला परवानगी आहे."

खालून रुमानियाच्या म्हातारीच्या रेडिओचा आवाज येत होता. मी खोबऱ्याचा एक कण फ्रेहाच्या बाहीवरून काढला. का काढला कोण जाणे.

"आणि हे तिने तुला सांगितलं," मी म्हटलं. वाईट वाटलं ते सासूबाईंच्या पोरींसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त, हे मी लपवत नाही. "मला नाही. तीन वर्षं तिचे पाय चेपते मी. मला नाही सांगितलं."

फ्रेहा माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी दोन आणि दोन किती ते विचारलं होतं.

"तुला कसं सांगणार? घरच्या माणसाला सांगायचं नसतं. घरच्याच्या तोंडून बाहेर पडलं की ते खरं होतं. मला सांगितलं, कारण मी तिची कुणी नाही. बाहेरची आहे." तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तुझ्यासाठी तर चाललंय हे. तू, तिचा मुलगा, तुमची पोरं. आणि ही विळी आज मी चालवतेय, कारण या वेळचा मलिदा तिच्यासकट तुमच्या सगळ्या घरासाठी आहे. ज्यांच्यासाठी नवस, त्यांचा हात त्याला लागायचा नाही म्हणते ती. मला काय हौस आहे? माझे गुडघे मोडले."

मग ती उठता उठता म्हणाली, "मिमून मात्र कुठेच नाही बघ. ना माझ्यात, ना कुणात. तेवढं टोचतंय. तुझ्यात सांगशील?"

संध्याकाळी ती तिळांची पोरगी आली. हे पेपर घेऊन कोपऱ्यात, पोरं जमिनीवर, सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून. फ्रेहाचं दार समोर फटीएवढं उघडं होतं.

"काय ठरलं?" पोरीने विचारलं. "किती?"

मी देवभोळी नव्हते. गिरणीत युनियनची सभासद होते, बायकांना दृष्टीच्या गोष्टींवरून हसायची. पण तोंड उघडलं आणि 'सासूबाई' हा शब्द जिभेवर आला, तेव्हा मला भिंतीकडे वळलेली ती पाठ दिसली. पाठ श्वास धरून बसली होती.

"मी," मी म्हटलं, "आमचे हे, दोन पोरं."

"आणि आजी?"

"आजी समोर राहतात." सरकारच्या देखत मी माझी सासू देऊन टाकली. "पण लिहून घे, आमच्यात अजून एक आहे. मिमून."

पेपर खाली आला. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"तुमचा कोण?" पोरगी म्हणाली.

"आमच्याकडे जेवतो."

"जेवतो म्हणजे..."

"कितीही वाढलं तरी पुरत नाही. घरचा असल्याशिवाय कुणी इतकं खातं का?"

"बाप कुठला?"

"मोरोक्कोचा."

पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "समोर मोरोक्कोच्या घरात हिंदुस्थानची आजी. इथे हिंदुस्थानच्या घरात मोरोक्कोचा मुलगा. बाई, हा देश मोजायचा तरी कसा?"

"तुझं काम ते," मी म्हटलं आणि बशी पुढे केली. "पुरी खा."

ती गेल्यावर सासूबाई पलंगावरून उतरल्या. फ्रेहाने मला काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी काही बोलले नाही. त्यांनी दुसरा नारळ काढला, फोडला, विळी पायाने माझ्या बाजूला सरकवली.

"हे आमटीचं हाय," त्या म्हणाल्या. "खव. आन् काळं येऊ देऊ नको."

मी बसले. पहिली वाटी तरीही फ्रेहाने खवली होती, हे काही मी विसरले नाही.

पुढच्या वर्षी युद्ध झालं. मिमून सिनाईत होता, आमचे हे राखीव तुकडीत वरच्या सरहद्दीवर. जिन्यातल्या एका घरात ते दिवस फार वाईट गेले, ते मी सांगत नाही. आमच्या मजल्यावरची माणसं परत आली. मी याचा मोजणीशी संबंध लावत नाही. कुणी लावला तर वादही घालत नाही.

सासूबाई पुढे सहा-सात वर्षांनी गेल्या. फ्रेहाने तिच्या पद्धतीने छाती पिटून असा आकांत केला की लोक तिलाच सून समजून सांत्वन करत होते. तेव्हाही मी जळले.

मग पुन्हा मोजणी आली. आमचा मजला तोच. हे थकलेले, पोरं पांगलेली. मिमूनचं लग्न होऊन त्याची बायको सिमोना समोरच्या घरात आली होती. चटपटीत, आईबाप रुमानियाचे, बँकेत नोकरी. फ्रेहाचे गुडघे आता पार गेले होते. तरी ती रोज भिंत धरत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. आम्ही दोघी मिळून चार भाषांत चुका काढायचो आणि हसायचो.

त्या दिवशी नवी मोजणीवाली दारात उभी राहिली आणि तिने किती म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत फ्रेहाने खुर्चीतून बोट जमिनीला लावलं.

"मी इथे राहते," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मोजणीवाली लिहून घेऊन वर इराण्याकडे गेली. आणि मग मला दिसलं, समोरच्या दारात सिमोना उभी होती. बँकेतून नुकतीच आलेली, पर्स अजून खांद्याला. तिने सगळं ऐकलं होतं. गाल लाल, ओठ दाबलेले.

"काय आहे तुमच्या घरात एवढं?" ती मला म्हणाली. आवाज फुटत होता. "मी काय कमी करते त्यांचं? पाय चेपते, औषध देते. माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत, आणि इथे..."

फ्रेहा आत घाबरून माझ्याकडे बघत होती. ते घाबरणं या वेळी मी ओळखलं.

मी हात पुसले, बाहेर आले, दार ओढून घेतलं.

"ये," मी म्हटलं, "पायरीवर बस. तुला मी सांगते. मी तुझी कुणी नाही, म्हणून सांगता येतं."